तिसऱ्या गिअरमध्ये

पासानौरीच्या पुढे, नदीकाठच्या आमच्या शेडमध्ये
जुंबेरची व्हॅन आली
तेव्हा तिच्यावरून दोन गावांचे हात फिरून झाले होते.
एकाने सेन्सर बदलला.
दाब जास्त आहे, एवढंच खरं सांगत होता बिचारा;
चोर सोडून संन्याशाला सुळी.
दुसरा म्हणाला, टर्बोच नवा घाल,
आणि असा आकडा सांगितला
की जुंबेर तीन दिवस व्हॅनवर ताडपत्री टाकून बसला.

म्झेविनारने बॉनेटला हात लावला नाही.
आधी विचारलं, कुठे दगा देते?
म्लेताच्या वळणांवर, तो म्हणाला.
चढ लागला की आधी अंगात आल्यासारखी उसळते,
मग एकदम मेल्यासारखी. दिवा लागतो.
मागे पंधरा माणसं, बटाट्यांची पोती,
एक म्हातारी तर मोठमोठ्याने प्रार्थनाच सुरू करते.
बंद करून चालू केली
की पुन्हा शहाणी.

'मेल्यासारखी नाही,' म्झेविनार म्हणाली.
'मागितली त्याहून जास्त हवा आली
की ती आपलेच हात बांधून घेते.
घेऊ दे. म्हणून तर इंजिन शाबूत आहे.'

लॅपटॉप मांडीवर घेऊन मी मागे बसलो.
दोन रेघा: मागितलेला दाब, मिळालेला दाब.
सपाटीवर दोघी गळ्यात गळा घालून,
चढावर दुसरी हात सोडवून
वर, आणखी वर,
आणि मग कडा.

शेडमध्ये परतल्यावर मी निर्वाताची नळी बोटांत वळवली,
तिच्यावरची बारीक चीर दाखवली, जरा ऐटीतच.
'ती गळली असती तर दाब कमी पडला असता,'
वर न बघता म्झेविनार म्हणाली. 'उलटा विचार कर.'
मी उलटा विचार करत
चहा करायला गेलो.

हातपंप जोडला तेव्हा नदीचाच काय तो आवाज होता.
ओढ दिली. दांडी वर गेली.
ओढ सोडली. दांडी खाली येता येता
अर्ध्यावर थांबली,
उंबऱ्यात आठवण येऊन कुणी थांबावं तशी.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एक टिचकी,
आणि खट्.

'काजळी,' ती म्हणाली. 'आतली पाती चिकटलीत.
मोकळं व्हायचं तेव्हा होत नाहीत.'
आणि पहिल्यांदाच वळून त्याच्याकडे पाहत:
'उभी करून किती वेळ चालू ठेवतोस?'

जुंबेर हातमोज्याचा धागा ओढत राहिला.
मंगळवार, शुक्रवार. त्बिलिसीत.
भाऊ वर डायलिसिसला, चार तास, दुसऱ्या मजल्यावर.
गाडी मूळची त्याचीच. बद्रीची.
खिडकीखाली तिचा आवाज चालू असला
की तो म्हणे सुई टोचू देतो.

कोणी काही बोललं नाही.
भारावाचून जळणारं इंजिन काजळी धरतं
हे म्झेविनारने मला शिकवलं होतं, पहिल्याच महिन्यात;
ते तिने त्याला सांगितलं नाही.

टर्बो उतरवायला दुपार गेली.
बोल्ट गंजलेले, एक तुटलाच,
मला जॉर्जियन भाषेतल्या चार नव्या शिव्या कळल्या.
ओव्हन धुण्याचा फेस तिने घरून आणला,
पात्यांवर मारला,
काळं पाणी बादलीत पडत राहिलं,
शेवटी पाती बोटाने ढकलली की
पत्त्यांसारखी फिरायला लागली.

बिल लिहून झाल्यावर खाली तिने एक ओळ घातली.
मला वाटलं सूट दिली.
वाचलं तर:
'चालू ठेव. पण येताना म्लेताचा चढ
तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून. हळू नको.'

शुक्रवारी सातच्या सुमारास
मी हात धूत होतो.
व्हॅन शेडसमोरून गेली, थांबली नाही.
वळणाआड दिवे गेले तरी
नळ बंद करून
मी ऐकत राहिलो:
एक वळण. दुसरं.
गिअर बदलला नव्हता.