दळणाचा नंबर

धुळ्यात गल्ल्यांना नावं कमी, नंबर जास्त.
म्हणून पुण्याच्या साहेबांना वाटलं, अर्धं काम आयतंच झालंय.
टॅब दिला, गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं,
एका घराचे अकरा रुपये.
घर बंद असेल तर तीन.

नकाशात रंग आधीच भरलेले होते.
देवपूरकडे बरंचसं निळं: 'स्थिर आणि इच्छुक'.
मिलच्या मागं खाकी: 'काटकसरी, मोठी कुटुंबं'.
साक्री रोडला कोवळा हिरवा, म्हणजे हप्ते.
आमच्या गल्लीच्या मधोमध मात्र रेघ गेलेली,
गटारीच्या जरा अलीकडून.
पूर्वेला शाम्पूची बाटली, पश्चिमेला पुडी.

मी विचारायचं ते असं:
छत कसलं, पंखे किती, टाक्या एक की दोन,
शेवटची चप्पल कुठून घेतली.
लोटन मिस्तरी म्हणाले, फ्रिज लिही.
फ्रिजमध्ये पाने, पक्कड, वायरची वेटोळी.
'बंद पडला म्हणून काय फ्रिज नाही का तो?'
मी 'होय'वर बोट ठेवलं.
सुलोचना वाणींनी गाडी लिहू दिली नाही.
दारातच होती, ताडपत्रीखाली.
'पोराची आहे. पोरगा दिसतोय का तुला दारात?'
मुनाफचाचांनी चहा दिला आणि विचारलं,
आठव्या दिवशी नळ येतो, तो कुठं लिहायचा.
नळाचा रकाना नव्हता.

आमचं घर चक्कीवर. खाली पट्टा, वर आम्ही तिघं.
शाळेतून आले की डब्यांवर खडूनं नंबर टाकायचे मी.
आबांना डबा उचलूनच कळतं
दादर आहे की हायब्रीड, कळण्यात उडीद किती,
गव्हात या महिन्यात ज्वारी किती शिरलीय.
रेशनचा गहू साडीच्या दुकानाच्या पिशवीतून येतो,
नाव बाहेरून दिसेल अशी धरलेली.
कुणाकडे पाहुणे आलेत हे आबांना शेजाऱ्यांआधी कळतं.
कुणाकडचं माणूस कमी झालं, तेही:
पाच किलोचा डबा एके दिवशी चार किलोचा होऊन येतो.
आबा वजन करतात, पैसे सांगतात, पट्टा चढवतात.
एकदाच, भामऱ्यांच्या डब्याला मी हसले तेव्हा,
माझा कान पिठाच्या हातानं धरून म्हणाले होते,
'दयन वयखानं, सांगानं नही.'

दिवाळीआधी कंपनीचा टेम्पो आला.
पूर्वेला बाटल्या, पश्चिमेला पुड्या, नकाशाबरहुकूम.
दुपार होईतो गटारीवरून सगळा माल इकडचा तिकडं.
एका बाटलीला अठरा पुड्या
हा भाव पोरांनीच काढला, आणि टिकला.
बडगुजरांच्या दाराला पुड्यांची माळ लागली,
आंब्याची पानं त्या वर्षी महाग होती म्हणे.
साहेबांना फोन केला तर म्हणाले, प्रतिसाद चांगला आहे.

त्या रात्री मी आमचंच घर शोधलं.
चक्कीच्या जागी एक करडा ठिपका:
'बिगर-निवासी. ग्राहक नाही.'
बाहेर दोरीवर आमचे कपडे होते,
पिठानं जरासे पांढरे.
मी दुरुस्तीचा चौकोन उघडला.
पंखे दोन, छत पत्र्याचं, माणसं तीन.
भरलं असतं तर अकरा रुपयेही मिळाले असते.
बोट तसंच राहिलं, टॅब आपोआप विझला.

खाली शेवटची दळणं चालली होती.
दोघीतिघी उभ्या, पदर नाकाला.
आबा ओरडले, हा डबा कोणाचा गं, नंबर पुसलाय.
मी जिन्यावरून वाकून पाहिलं.
झाकण अर्धवट सरकलेलं,
आत गहू कमी, कण्या जास्त.
'राहू द्या आबा,' म्हटलं, 'मी नेऊन देते.'
त्यांनी मान वर केली, मग खाली घातली,
आणि पट्टा चढवला.