सुनौलीच्या अलीकडे

हारिका सोळाची, म्हणून तिला शाळेचं पत्र लागतं.
चरण अकराचा, त्याचं दाखल्यावर भागेल
असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, मतदान कार्ड जपा,
आधारला तिकडे मोठ्यांसाठी कुणी विचारत नाही.

दाखल्यावर आम्ही यलदी, कार्डावर येल्दी,
रेशनकार्डावर एकाच घरात दोन्ही.
सगळे कागद मी ओट्यावर मांडले
आणि पीठ पुसायचं राहिलं होतं.

फोटोमागे पांढरं हवं.
ह्यांनी कारखान्यातून सेकंडचा टॉवेल आणला,
कडेचा एक धागा ओढला गेलेला.
दोन खिळ्यांवर ताणून पोरांना पुढे उभं केलं.
हसू नको म्हटलं की चरणला हसू फुटतं.
या टॉवेलाची भावंडं कंटेनरात बसून
कधीच समुद्रापार गेली,
त्यांचं वय कुणी विचारलं नाही.

चरण विचारतो, तिथं रेघ असते का?
एक पाय इकडे, एक तिकडे ठेवला
तर मी कुठला?
कमान असते म्हणे, मी म्हणते. आणि रिक्षावाले.

सासरे खाटेवरून, तेलुगूत, भिंतीकडे बघत:
माझा ताता, राजमल्लू, नळदुर्गाकडून आला
तेव्हा निजामाचा करोडगिरी नाका होता.
शिपायानं गाठोडं सोडून पाहिलं,
कडेवरचं पोर नाही पाहिलं.
पोराच्या लंगोटात धोटा होता.
का लपवला, कुणाला ठाऊक. धोट्याला जकात होती का?
ते पोर म्हणजे सासऱ्यांचे वडील.
आता त्या रस्त्याला टोल आहे.

पुण्याहून गोरखपूर, वेटिंग सत्तावीस.
शंभराच्याच नोटा. ओआरएस. स्वेटर शेजारच्या नागमणीकडून.
कडक भाकरी वीस, शेंगाचटणी अर्धा किलो,
नेपाळात तिखट मिळत असेलच, तरी.
हेडबाई लग्नाला गेल्यात, सोमवारी सही करतील.

रात्री चरणनं उंबऱ्याशी खडूनं रेघ ओढली
आणि पाटावर बसला, छातीला माझी शिट्टी, कुकरची.
हारिका पाणी घेऊन आली.
कागद?
पत्र अजून आलं नाही, ती म्हणाली.
मग थांब.

मला वाटलं, त्याला एक टपली मारून ती आत येईल.
ती थांबली,
तांब्या या हातातून त्या हातात घेत.