चौदा नंबरचं दार

कुडचड्याच्या पतसंस्थेतून अकराला फोन:
सगळं बंद आहे, प्रिंटरसुद्धा.
सावर्ड्यातलं काम टाकून पूल ओलांडला.

जुन्या खतावण्यांच्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर
स्विच, चोवीस दारांची बुटकी पेटी.
सगळे दिवे एकदमच थडथडत होते,
ताप चढलेल्या पोराच्या कानशिलासारखे.

एरवी असं नसतं.
एरवी एखादा हिरवा ठिपका उठतो, बसतो;
कॅशच्या खिडकीने काही विचारलं,
कोपऱ्यातल्या सर्व्हरने उत्तर दिलं,
बाकीच्यांना खबरही नाही.
तिला कुणी नावं पढवलेली नसतात.
जो बोलला तो कुठल्या दारातून बोलला
एवढंच ती ध्यानात ठेवते,
आणि ज्याचा ठावच माहीत नाही
त्याच्यासाठी, हाक आली ते दार सोडून,
सगळ्या दारांवर हाक देते.

आज अशीच एक हाक
सहातून निघून सतरातून आत येत होती,
नवी समजून पुन्हा वाटली जात होती.
हाकेला वय नसतं इथे. ती थकत नव्हती.
तिच्या गलक्यात कुणाचंच कुणाला ऐकू जाईना.

चाचपत गेलो. एकच निळी वायर,
दोन्ही टोकं त्याच पेटीत.
दारात बोनिफास, हातात फडकं:
"तें लोंबकळटालें न्हय, म्हणून घालें."
काय बोलणार.
उपसली. दिवे एकेक करून निवले.
बाहेर प्रिंटरने घसा खाकरला.

मग लॅपटॉप जोडून यादी पाहिली,
कुठल्या दारामागे कोण.
चौदासमोर कोरं.
वायर तर होती; तिच्या चिकटपट्टीवर
गोल अक्षरात, पेनाने:
ठेवी, शेवंती वेळीप.
मॅनेजरबाई म्हणाल्या, चवथीच्या सुट्टीला गेली ती,
आणि पुढे काही म्हणाल्या नाहीत.

पेटीचा हिशेब साधा आहे.
पाच मिनिटं कुणी बोललं नाही
की नाव पुसायचं.
राग नाही, लोभ नाही. वही लहान आहे.
खुर्चीच्या पाठीवर मात्र
एसीसाठी आणलेला करडा स्वेटर अजून तसाच,
एक बाही आत दुमडलेली.

"सोमारा हांव लायतां तो,"
बोनिफास कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला,
"ना जाल्यार ओल धरता."
आज गुरुवार होता.
तरी त्याने बटण दाबलं.

चौदाचा दिवा आधी पिवळा, मग हिरवा.
यंत्राने आतून काहीतरी पुटपुटलं असेल,
त्या पहिल्याच शब्दावर
यादीत ओळ उमटली,
इतके दिवस कुठे होतीस, हे न विचारता.

बिलावर मी लिहिलं:
निळी वायर काढली, एक.
बोनिफास पाच मिनिटं तिथेच उभा होता.
जास्तच असतील.