आगंडी, बाई

विडी घरकुलच्या शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास माझा.
वर पत्रा. सोलापूरच्या मार्चमध्येच
पेटीचा भाता करकरायला लागतो,
काळी चार चिकटते, नखाने उचलावी लागते.

मी म्हटलं, आज मी काही शिकवणार नाही.
गाणं तुम्ही करायचं.
चौतीस जणांनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी फळा पुसून डस्टर खाल्लाय.

मग बराच वेळ कोणी काहीच केलं नाही.
एवढी शांतता बावीस वर्षांत
मी वर्गात राहू दिली नव्हती.
माझं बोट सा वर. दाबू की नको.

मागच्या बाकावर तौफिकने कंपासपेटी वाजवली,
दोनदा, आणि भिऊन थांबला.
लावण्या गुंडेटीने वही मांडीवर आडवी घेतली, सुपासारखी,
आणि बोटं चालवली:
पान, तंबाखू, गुंडाळ, दुमड, दोरा.
पान, तंबाखू, गुंडाळ, दुमड, दोरा.
पंचवीस झाल्या की टाळी, कट्टा बांधला.
आई दिवसाला हजार वळते,
हिला मोजावं लागत नाही.

नागनाथ चिलवेरी म्हणाला, माग पण घ्या की.
घरचा माग दिवाळीत भंगारात गेला, किलोवर.
याच्या टाचेत अजून चालू आहे:
खटक् खट, खटक् खट, आणि मध्येच एक
लंगडी मात्रा,
जिला माझ्या वहीत घर नाही.

मी धावले. सवयच ती.
फळ्यावर सोळा रेघा मारल्या,
सम दाखवली, खाली दाखवली,
म्हटलं, बघ, असं बसव, इथे अर्धी सोड.
तो म्हणाला, ओ बाई, माग असं चालत नस्तंय.
आणि मध्ये धागा तुटतंय की.

धागा तुटला की माग बंद.
बाबा गाठ मारेपर्यंत बंद.
गाण्यातपण बंद पाहिजे.
किती मात्रा? मी खडू धरून विचारलं.
गाठ बसेपर्यंत, तो म्हणाला.
कधी पटकन बसते. डोळे दुखत असले की नाही.

यावर भांडण झालं, मराठीत, तेलुगूत,
आणि रेवणसिद्धचं एकट्याचं कन्नडमध्ये:
त्याचं म्हणणं, श्वास रोखून राहवेल तितकं थांबायचं.
छे, लावण्या म्हणाली,
एकाने गाठ मारायची,
बाकीच्यांनी त्याच्या हातांकडे बघायचं.
हे ठरलं. मला कोणी विचारलं नाही.
मी फळा पुसायला घेतला.
सोळा रेघांना वेळ लागला थोडा.

पुढच्या शुक्रवारी मलाही काम मिळालं.
एक सूर.
गाठ बसली की नागनाथ हात वर करणार,
तेव्हा काळी चार, लांब, बस्स.
विशारद मी, घरी भिंतीवर फ्रेम आहे,
त्या एका सुराचा सराव केला
कुकरच्या शिट्ट्या होईतो.

पान, तंबाखू. टाच. कंपासपेटी. टाळी.
मग तुटला.

चौतीस पोरं हवेतल्या न दिसणाऱ्या धाग्याकडे बघत.
बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती.
नागनाथची बोटं टोक शोधत होती,
चिमटीत धरत, सोडत, थुंकी लावून पुन्हा धरत,
आणि ती बोटं तेरा वर्षांची नव्हती.
डोळे त्याने अगदी जवळ नेले.

मला राहवलं नाही.
मी सूर दाबला.

आगंडी, बाई, लावण्या म्हणाली, मागे न वळता.
तेलुगू मला येत नाही. तेवढं आलं.
बोट उचललं तर काळी चार चिकटलेली,
नखाने सोडवली.
भात्यात उरलेली हवा हळूच गेली.

गाठ अजून बसायची होती.