धरलेली जागा

मोहाडीच्या पॅकहाउसमध्ये रात्री पावणेदोनला
लेबलांचा प्रिंटर मुका झाला.
फोन आला, म्हसरूळहून गाडी हाणत आलो.
बाहेर कंटेनर घुरघुरतोय, आत थॉमसनच्या पेट्या,
जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर,
त्याच्या पाठीवर कुणीतरी वाळत घातलेला हातमोजा.

डीएफ म्हणाला, शंभर टक्के. तीळ ठेवायला जागा नाही.
डीयू म्हणाला, एक्केचाळीस.

दोघंही खोटं बोलत नाहीत.
डीएफ म्हणजे तलाठी, बसल्या जागी दप्तर उघडून सांगणार.
डीयू मोजणीदार, साखळी घेऊन
बांधाबांधानं चालणार, दिसेल तेवढंच मांडणार.
मग मधले एकोणसाठ टक्के
कुणाच्या बापाच्या नावावर?

आयनोड पाहिले. ठीक.
माउंटखाली काही दडपलंय का पाहिलं. नाही.
दगू गांगुर्डे फोर्कलिफ्टवरून उतरून मागे येऊन उभा,
"साहेब, दोन थपडा देऊन बघू का?"
नको म्हटलं.

मग आठवलं. संध्याकाळी अठ्ठ्याण्णव झाले म्हणून
मीच एक लॉग उडवला होता,
शीतगृहाच्या तापमानाचा, फुगून वर आलेला:
पाऊण अंश, पाऊण अंश, एक, पाऊण.
उडवला आणि जेवायला गेलो. आकडा परत बघितलाच नाही.

एलएसओएफ लावलं. एकच ओळ आली,
तिच्या शेवटी कंसात: डिलीटेड.
नाव पुसलं गेलं होतं,
उघडणाऱ्यानं हात सोडला नव्हता.
अंधारात तो लिहीतच होता,
जिचं नाव कुठल्याच फोल्डरात नाही अशा वहीत.

प्रोसेस दोनशे अकरा दिवसांची.
म्हणजे निसारचा इथला शेवटचा दिवस.
"चालू करून जातोय, बंद नको करूस," म्हणाला होता,
आणि मस्कतला गेला.
त्याचं अकाउंट मी त्याच आठवड्यात काढलं. नियम आहे.
आता मालकाच्या रकान्यात नाव नाही,
नुसता आकडा: एक हजार सात.

पिंगळे मॅडम दारात. "अजून किती?"

एक हजार सातला मी थांब म्हणालो.
जबरदस्ती करावी लागली नाही. निमूट थांबला.
डीएफ खाली आला, एक्केचाळीस.
प्रिंटर खाकरला, पहिलं लेबल तिरकं निघालं.

"कुठं गेली होती हो एवढी जागा?"
कुठंच नव्हती गेली, मॅडम.
कुणीतरी धरून बसलं होतं.

नवा लॉग उघडला, या वेळी माझ्या नावानं.
पहिली ओळ: पाऊण अंश.
दगूनं हातमोजा उचलला. त्याचाच होता.
अजून ओलाच आहे म्हणाला.