खोटी फिर्याद : एक

साहेब म्हणाले, यंदा गुन्हे घटलेत, एव्हारिस्त,
आकडे तू मांड, कारण मी लिहितो.
मी दौत हलवली. तळाशी गाळ होता.

माहे बेट, पोलीस कचेरी, एकोणीसशे आठ संपत आलेलं.
पलीकडे चर्चचं घड्याळ दर तासाला दोनदा वाजतं,
पहिल्या खेपेला ज्यांनी मोजलं नाही त्यांच्यासाठी.
आमच्याकडे कुणी दोनदा आलेलं चालत नाही.

नारळचोरी : तीनशे बारावरून दोनशे सात.
व्हॅनिलाच्या शेंगा : एकशे चाळीसवरून एकोणीस.
साहेब लिहितात, फटक्यांची शिक्षा लागू पडली.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं
की तिकडे युरोपात कुणी बाटलीतच
व्हॅनिलाचा वास तयार केलाय,
शेंगेचा भाव असा कोसळला
की चोरांनीही तिच्याकडे पाठ फिरवली.
की आन्स रॉयालचा शिपाई थेओद्यूल
ऑगस्टपासून पाय सुजून पडलाय, लिहिणारा तोच एक,
म्हणून त्या किनाऱ्यावर ऑगस्टपासून
माणसं कशी सुतासारखी सरळ.
की प्रालँहून येणारी होडी कलंडली
आणि तीन महिन्यांच्या फिर्यादी
माशांनी दाखल करून घेतल्या.
पण कारणांचा रकाना माझ्याकडे नाही.

जूनमध्ये झेलमीर आली होती.
डोंगर ओलांडून, अनवाणी, अंधारातच निघालेली.
म्हणाली, माझ्या शेंगा न्यूव्हीलच्या वाळवणात पडल्यात.
इथे त्या फुलाला मधमाशी नाही.
ती सकाळी काडी घेऊन हिंडते,
एकेका फुलाचं लग्न लावते,
मग शेंग हिरवी असतानाच
बुचात खोचलेल्या टाचण्यांनी
तिच्यावर आपलं अक्षर टोचते. झेड.
वाचता येत नाही तिला. हे एक अक्षर येतं,
आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

हवालदार गेला, वाळवणातून अकरा शेंगा घेऊन आला.
काळ्या, तेलकट, सुरकुतलेल्या,
पण टोचलेलं तसंच. वण जात नाही.

कोर्टात न्यूव्हीलच्या वकिलाने
एक शेंग दोन बोटांत उचलली,
टेबलावर आडवी ठेवली.
झेडला कुशीवर वळवलं की एन होतो.
दंडाधिकाऱ्यांनी चष्मा पुसला,
स्वतः वळवून पाहिली, दोनदा, तीनदा,
लहान मूल खुळखुळा फिरवतं तशी.

झेलमीर म्हणाली,
वेलीवर लटकते तशी धरा ना,
आम्ही तशीच वाचतो.

दुभाष्याने ह्याचं काय केलं कोण जाणे.
दहा रुपये दंड, नाहीतर आठ दिवस.
तिने आठ दिवस घेतले.

तर व्हॅनिलाचे वीस होते, एकोणीस झाले.
आणि खोटी फिर्याद, जिथे गेल्या साली भोपळा होता,
तिथे मी एक लिहिला.
साहेबांनी त्यावर बोट ठेवलं :
शून्याचा एक झाला, ही वाढ चिंताजनक,
बायकांत खोटेपणा बळावतोय,
ह्यावर वेगळा परिच्छेद हवा.
परिच्छेद झाला. चांगला सात ओळींचा.

नवव्या दिवशी ती खिडकीशी उभी.
सुटका झाल्याचं काही बोलली नाही,
शेंगा मागितल्या.
निकालाच्या कागदावर त्यांचा उल्लेखच नव्हता,
न्यूव्हीलचा माणूस न्यायला आला नव्हता,
पडलेल्या भावात कोण येतो.
मुद्देमाल माझ्या खणात होता,
सगळ्या नोंदवह्यांना त्याचा वास लागलेला,
चाकूहल्ल्यांच्या, जुगाराच्या,
बेवारस गाढवांच्यासुद्धा.

साहेब जेवायला गेले होते.
घड्याळ वाजलं, मग पुन्हा वाजलं.
मी कागदात गुंडाळून नऊ दिल्या.
तिने तिथेच मोजल्या,
माझ्याकडे पाहिलं,
आणि दोनदा विचारलं नाही.

दोन आमच्या घरी साखरेच्या डब्यात आहेत.
तक्ता उद्याच्या बोटीने लंडनला जाईल.
बेरीज मी तीनदा तपासली आहे,
ती बरोबर आहे.