वेडी

आमच्या घरात तेलुगू. घरात वेडी म्हणजे गरम.
चहा वेडी, पत्रा वेडी, मेमधल्या दुपारी
नळातून येणारं पाणीसुद्धा वेडी.
उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तोच शब्द
मराठी होऊन बाईच्या अंगाला चिकटतो.

एकावन्नाव्या वर्षी मला दोन्ही अर्थ लागू पडले.

टॉवेलच्या कारखान्यात मी चेकिंगला.
सुटलेला धागा, चुकलेली वीण, तेलाचा डाग,
बोटांनाच कळतं.
आणि एकाएकी छातीतून काहीतरी उठायचं,
मानेवर, कानांच्या पाळ्यांत, टाळूपर्यंत,
आत कुणी बॉयलरचं दार उघडून
लावायला विसरून गेल्यासारखं.
तीन मिनिटं. कधी चार.
मग घाम, मग तोच घाम थंडगार,
आणि मी सेकंडच्या ढिगातला टॉवेल ओढून
मान पुसत उभी.

सांगणार कुणाला?
सोलापुरात गरम होतंय म्हणणं म्हणजे
मागाजवळ उभं राहून आवाज येतोय म्हणणं.
"कुणाला नाही होत?" येमूलबाई म्हणाली.
"चव्वेचाळीस आहे आज," मुकादमानं पेपर दाखवला.
नवरा तीस वर्षं मागावर, त्याला ऐकू कमी येतं.
त्यानं पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं
आणि स्वतःचं भिंतीकडे.

उन्हाळ्यानं मला लपवलं.
पकडलं जानेवारीनं.
गड्ड्याच्या गर्दीत, आकाशपाळण्याखाली,
माणसं कानटोप्या घालून भजी खात होती
आणि माझ्या पाठीवरून धारा.
श्रवंतीनं, सुनेनं, हात लावून पाहिला.
म्हणाली, "अत्तम्मा, ही वेडी वेगळी आहे."

सात रस्त्याला डॉक्टर हविनाळे बाईंनी
औषधाआधी प्रश्न दिले.
पाळी कधी थांबली. पायात कधी रक्ताची गुठळी.
छातीत गाठ, तुम्हाला, आईला, मावशीला.
गर्भाशय आहे का काढलं?
आहे, म्हटलं.
आमच्या बोळात निम्म्या जणींनी काढून टाकलंय,
कटकट नको म्हणून.
"आहे ना? मग रात्रीची ही गोळी पण.
नुसतं जेल नाही चालायचं."

बाटली दिसायला हात धुण्याच्या साबणाची.
पंप दाबला की पाण्यासारखं काहीतरी,
वास स्पिरिटचा, गार.
दंडावर पसरायचं, रगडायचं नाही, वाळू द्यायचं,
हात धुवायचे, नातवाला लगेच उचलायचं नाही.
आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी.
तरी एक तांब्या मी बाजूला काढला,
त्याला कुणी हात लावायचा नाही.

पाच मिनिटं दंड उघडा टाकून बसते.
पहिल्या दिवशी लाज वाटली,
अंगाची नाही, नुसतं बसण्याची.

महिनाभरात अकराचे तीन झाले.
पूर्ण गेलं असं नाही. पहाटे एक येतेच,
दूधवाल्याच्या आधी.
पण मी झोपते. झोप म्हणजे काय असतं
ते विसरलेच होते मी.

अम्मा विड्या वळायची, दिवसाला हजार.
शेवटच्या काही वर्षांत मध्यरात्री उठून
रांजणात पदर बुडवायची,
ओला छातीवर टाकून अंगणात बसायची, एकटी.
आम्ही पोरं खिडकीतून बघायचो.
"वेडी," अम्मा पुटपुटायची.
वेडी, असंच आम्हीही म्हणायचो, हसत.
ती कुठल्या भाषेत बोलतेय, ते कुणी विचारलं नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत येमूलबाई जवळ सरकली.
माग चालू होते, ओठांवरून वाचावं लागलं.
ती बाटली, म्हणाली, थोडी दे की मला.
म्हटलं, बाटली नाही देणार. पत्ता देते.
त्या बाई आधी खूप विचारतात, सांग सगळं खरं.
ती काही बोलली नाही.
हातातल्या टॉवेलनं गळा पुसत राहिली.
डावीकडची किनार सुटलेली होती त्याची,
मी चेक करायला घेतला नाही.